मस्टँग खाली बसवायचीये, पण बायको नाही म्हणते

पत्र थोडक्यात: वाचक पुण्यात राहतात, तिशीतले आहेत, आयटीत नोकरी. २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी सेकंडहँड घेतलीये. आठवड्यातून दोन-तीनदा ऑफिसला नेतात, रविवारी लोणावळा नाहीतर ताम्हिणी. चाक आणि फेंडर यांच्यात चार बोटं आरामात जातात आणि ते त्यांच्या डोळ्यांत खुपतं, म्हणून गाडी ३५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या जर्मन कंपनीच्या स्प्रिंग्ज मागवायच्या आहेत. फक्त स्प्रिंग्ज, शॉकअप आहेत तेच ठेवायचे. गॅरेजवाला म्हणतो एवढा खर्च कशाला, आहेत त्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो. ग्रुपवरचे मित्र म्हणतात हँडलिंग सुधारतं, शिवाय टीयूव्हीचा, म्हणजे जर्मनीतल्या वाहन तपासणी संस्थेचा, कागद सोबत येतो म्हणजे लीगल. बायकोचं म्हणणं, आत्ताच सोसायटीच्या रॅम्पवर गाडी तिरकी घ्यावी लागते आणि सासऱ्यांना गुडघ्यांमुळे त्यात बसता-उठता येत नाही. प्रश्न असा: "दादा, स्प्रिंग कुठल्या टाकू आणि बायकोला कसं पटवू?"

---

अरे मित्रा, आधी अभिनंदन. सेकंडहँड का असेना, पण पाच लिटरचा व्ही-एट पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज सांभाळणारा माणूस प्रेमात आहे हे उघड आहे, त्यामुळे 'कशाला हे नसते उद्योग' असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते दोन्ही तू उत्तर आधीच ठरवून विचारलेत असं मला वाटतं. स्प्रिंग कुठल्या, हे तू विचारतोस, टाकायच्या का हे विचारत नाहीस. बायकोला कसं पटवू विचारतोस, ती बरोबर आहे का हे विचारत नाहीस.

पत्रात तू एका ठिकाणी 'लुक्स' लिहिलंयस आणि तीन ठिकाणी 'हँडलिंग'. खरं सांग, ग्रुपवर कोणी हँडलिंगचं बोललं नसतं तरी तुला गाडी खाली हवीच होती ना? हवी असेल तर बिनधास्त कबूल कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही. छान दिसावी म्हणूनच तर माणूस मस्टँग घेतो, नाहीतर त्या पैशात दणकट एसयूव्ही आली असती. पण दिसण्यासाठी करायचं काम आणि चालवण्यासाठी करायचं काम यात खर्च वेगळा, पार्ट वेगळे आणि किती खाली न्यायची तो आकडाही वेगळा. दोन्हीची खिचडी केली की पैसे दुप्पट जातात आणि गाडी दोन्हीकडून अर्धवट राहते.

आता त्या चार बोटांच्या गॅपकडे येऊ. तुला ती रिकामी जागा दिसते पण ती रिकामी नाहीये, खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक वर येतं तेव्हा ते याच जागेत येतं. हिशोबाला सोपं जावं म्हणून धर की उभ्या गाडीपासून बम्पस्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटच्या त्या रबरापर्यंत, चाकाला वर जायला ८० मिमी जागा आहे. तू ३० मिमी खाली आणलीस, उरले ५०. आता तोच खड्डा, तोच वेग, तोच दणका, पण तो तुला ८० ऐवजी ५० मिमीमध्ये जिरवायचाय. स्प्रिंगमध्ये जिरणारी शक्ती अंतराच्या वर्गाने बदलते, म्हणजे तोच दणका कमी जागेत थांबवायला स्प्रिंग जवळजवळ अडीच पट कडक हवी. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग्ज एवढ्या कडक नसतात आणि नसाव्यातही, नाहीतर मणका हातात येईल. मग होतं काय, तर छोट्या खड्ड्यांना गाडी थोडी कडक वाटते आणि मोठ्या खड्ड्याला सरळ बम्पस्टॉपवर आपटते. लोक सांगतात ना की 'स्प्रिंग टाकल्यावर गाडी एकदम टाइट झाली', त्यातला बराचसा टाइटपणा त्या रबराचा असतो. आणि वळणावर गाडी एका बाजूला झुकलेली असताना बाहेरचं चाक बम्पस्टॉपवर टेकलं तर त्या चाकाची पकड अचानक बदलते. ताम्हिणीत पावसाळ्यात ओल्या वळणावर हे होऊ नये असं मला तरी वाटतं.

मग हँडलिंग सुधारतं हे साफ खोटं का? नाही, अर्धं खरं आहे. गाडीचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर धरला आणि तू तो २५ मिमी खाली आणलास, तर वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन साधारण ५ टक्क्यांनी कमी होतं. फायदा आहे, पण एवढाच. दुसरीकडे तुझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात, आणि अशा सस्पेन्शनची एक खोड आहे, गाडी खाली आणली की लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा, कोन बदलतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली जातो. परिणाम असा की स्प्रिंग होती तेवढीच कडक ठेवून नुसती गाडी खाली आणली तर वळणावर ती आधीपेक्षा जास्त झुकू शकते! म्हणजे नव्या स्प्रिंगच्या वाढीव कडकपणातला काही भाग तर आपणच केलेलं नुकसान भरून काढण्यात जातो. हे ग्रुपवर कोणी टाकत नाही कारण फोटोत दिसत नाही.

शॉकअप तेच ठेवायचे म्हणतोस, तिथेही थांब. शॉकअपचं काम स्प्रिंगला आवरणं, आणि कंपनीने ते मूळ स्प्रिंगच्या हिशोबाने बनवलेत. स्प्रिंग २५ टक्के कडक झाली की त्याच शॉकअपचा आवर साधारण दहा-अकरा टक्क्यांनी कमी पडतो. नवा कोरा शॉकअप असेल तर हे चालूनही जातं, पण तुझी गाडी २०१७ ची आहे, आपल्या रस्त्यांवर चाललेली आहे, आधीचा मालक कसा चालवायचा हे तुला माहीत नाही. दमलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली की गाडी एक्सप्रेसवेवर जॉइंट आले की डुलत राहते, आणि मालक ब्रँडला शिव्या घालतो. बिलस्टाइनसारख्या कंपन्या खाली आणलेल्या गाड्यांसाठी मुद्दाम आखूड शॉकअप काढतात ते काही उगाच नाही. म्हणून खर्चाचा अंदाज करताना स्प्रिंगच्या किमतीवर थांबू नकोस, स्प्रिंग, चार शॉकअप, नवे बम्पस्टॉप, वरची माउंटिंग, लेबर, दोनदा अलाइनमेंट असा पूर्ण आकडा कागदावर लिही आणि मग बघ अजून तेवढीच हौस वाटते का.

कापण्याबद्दल एकच उत्तर: नाही. गॅरेजवाला चांगला असेल, तुझ्या भल्यासाठीच सांगत असेल, तरी नाही. वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, पण किती हे कोणी मोजलेलं नसतं. स्प्रिंगचं टोक ज्या खाचेत बसतं तो आकार जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडी जॅकवर घेतली किंवा एखाद्या उंचवट्यावरून चाक खाली लोंबलं की कापलेली स्प्रिंग जागेवर सैल पडते, तुझ्या गाडीला तर मागची स्प्रिंग शॉकअपवर नाहीये, लोअर आर्म आणि बॉडीच्या मध्ये वेगळी बसते, तिथून ती सटकायला वेळ लागत नाही. काही जण गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात, ते तर कापण्यापेक्षा वाईट, स्टीलला दिलेलं टेम्परच जातं आणि मग ती कधी बसेल किंवा तुटेल याचा नेम नाही. पावणेदोन टनाची, चारशे हॉर्सपॉवरची गाडी आहे ती. अशा कामात वाचवलेले पैसे वाचलेले नसतात.

कागदाचं बोलू. तुला हव्या असलेल्या स्प्रिंग्ज आयबाखच्या असोत नाहीतर एच अँड आरच्या, दोन्ही कंपन्या जर्मनीत एकमेकींच्या शेजारच्या गावांतल्या, फिनेनट्रोप आणि लेनेष्टाट, आणि दोघींचा माल उत्तम. पण तो टीयूव्हीचा कागद जर्मनीच्या कायद्यासाठी आहे, आणि तिथेसुद्धा नुसता कागद डिकीत ठेवून चालत नाही, त्या पार्टसाठी गरज असेल तर स्प्रिंग बसवल्यावर इन्स्पेक्टरला गाडी दाखवून त्याची नोंद करून घ्यावी लागते. पुण्याच्या आरटीओला त्याचं काही देणंघेणं नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आरसीवर स्प्रिंगचा कॉलम नसतो, म्हणून हे चालतं, असं लोक सांगतात. रस्त्यात कोणी वाकून स्प्रिंग बघणार नाही हे मलाही कळतं. पण अपघात झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर वाकून बघतो, तोच त्याचा पगार आहे. तेव्हा काही बसवण्याआधी विमा कंपनीला मेल टाकून विचार, लेखी उत्तर घे. 'नाही' आलं तर ते पण उत्तरच आहे.

आता तुझ्या बायकोचा मुद्दा, जो मला पूर्ण पत्रात सगळ्यात जास्त पटला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा. मस्टँगचा व्हीलबेस २.७२ मीटर, म्हणजे पुढची-मागची दोन्ही चाकं एकाच वेळी त्या ब्रेकरच्या उतारांवर असतात आणि गाडीचं पोट शिखरावर. हिशोब केला तर चाकांच्या रेषेपेक्षा शिखर साधारण ५४ मिमी वर येतं. गाडीखाली १३० मिमी जागा धर, उरले ७६. ३५ मिमी खाली आणलीस, उरले ४१. बायको शेजारी, मागे दोन बॅगा, थोडा जास्त वेग, की गेले. आणि हा नियमातला ब्रेकर झाला. आपल्या गल्लीतला ब्रेकर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली एका रात्रीत उगवतो, एक हातभर रुंद आणि वीतभर उंच, त्यात दोन्ही चाकं बाहेर सपाट रस्त्यावर असतात आणि ब्रेकरची सगळीच्या सगळी उंची पोटाखालून जाते. तिथे तुझी गाडी आत्ताही घासत असेल, तू फक्त आवाज मोठा करून गाणी ऐकत असशील. इंजिन ऑइलचं चेंबर फुटणं म्हणजे काय खर्च असतो हे तुला सांगायला नको, त्यातून फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद केल्याचं जाहीर केलं, मस्टँग तशीही बाहेरूनच यायची, त्यामुळे एकेका पार्टसाठी वाट बघायची तयारी ठेव.

पण माझं ऐकू नकोस आणि तिचंही ऐकू नकोस, स्वतः मोजून बघ. स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलची शीट आण, तुला जेवढी गाडी खाली न्यायचीये तेवढ्या जाडीच्या पट्ट्या कर, म्हणजे ३५ मिमी. एक पट्टी पुढच्या बम्परच्या खालच्या ओठाला, एक-दोन पोटाखाली दोन चाकांच्या मधोमध जिथे सगळ्यात खाली आहे तिथे, कापडी टेपने घट्ट चिकटव. सायलेन्सरच्या गरम पाइपपासून लांब ठेव, नाहीतर वितळेल आणि वास सुटेल. मग आठवडाभर नेहमीचं सगळं कर. ऑफिस, पेट्रोल पंप, सोसायटीचा रॅम्प, मॉलचं बेसमेंट, रविवारचा घाट. एक दिवस बायको आणि सामान घेऊन. शनिवारी गाडीखाली वाकून बघ. पट्टी शाबूत असेल तर बायकोला पटवायची गरजच नाही, पट्टी दाखव. कोपरा खाल्लेला असेल तर १५-२० मिमीचा विचार कर. पट्टीच गायब असेल तर तुला उत्तर मिळालं, ते पण पन्नास-शंभर रुपयांत. कुठलीही गाडी असो, पोलो असो की झेड-फोर, खाली घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने आधी हे करावं असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात उभ्या गाडीची पट्टी आणि कडक स्प्रिंगवर धावणारी गाडी यात थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही.

सासऱ्यांच्या गुडघ्यांचं मात्र स्प्रिंगने फार काही बिघडणार नाही, ते आत्ताच बिघडलेलं आहे. मस्टँगची सीट खोल आहे, दार लांब आहे, ३५ मिमीने त्यात भर पडेल इतकंच. खरा प्रश्न असा की घरात दुसरी गाडी आहे का? पत्रात तू लिहिलं नाहीस. असेल तर मस्टँग ही तुझी रविवारची गाडी, तिचे नियम वेगळे. नसेल, आणि सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला हीच गाडी असेल, तर मला वाटतं बायकोचं भांडण स्प्रिंगशी नाहीच, ते वेगळं बोलून घे.

आता तुझ्यापुढचे पर्याय, मला ज्या क्रमाने योग्य वाटतात तसे. पहिलं, आहे ती गाडी आधी धड कर. बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं), लिंक रॉड, शॉकअप तपासून घे, टायरवरची चार आकडी तारीख बघ (२३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला), टायर जुने असतील तर चांगले टायर घाल, आणि नीट चारचाकी अलाइनमेंट करून त्याचा प्रिंट घे. एवढ्यानेच गाडी जी बदलेल त्यात तुला हवं असलेलं 'हँडलिंग' बहुतेक सापडेल. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेणार असशील तर पुढचं बोलू, तोवर रस्त्यावर यापेक्षा जास्त लागत नाही.

दुसरं, गॅपच खुपत असेल तर एक उलटी युक्ती आहे. टायरची साइडवॉल १० मिमीने उंच घेतली तर गॅप १० मिमीने भरतो आणि गाडी १० मिमी वर येते, खाली नाही. साधारण ६८७ मिमी व्यासाच्या टायरला हा फरक ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे काट्यावर १०० दिसताना तू १०३ ने असशील. चाक पूर्ण वळवून आणि दाबून आत कुठे घासत नाही ना ते बघायला लागेल, विमावाल्याला इथेही विचारायला लागेल. ज्याला 'स्टान्स', म्हणजे जमिनीला चिकटलेला लुक, हवाय तो यावर हसेल, हसू दे.

तिसरं, थर्माकोल वाचला, विमा कंपनीचं उत्तर हातात आहे, खिशात पूर्ण आकडा आहे आणि तरीही करायचंच आहे, तर २० ते २५ मिमीच्या वर जाऊ नकोस, स्प्रिंगसोबत जुळणारे शॉकअप एकदमच बदल, म्हणजे लेबरही एकदाच. काम करणाऱ्याला एक प्रश्न विचार, लोअर आर्मचे बोल्ट शेवटी कधी आवळतोस? 'गाडी लिफ्टवर असतानाच' म्हणाला तर दुसरा माणूस शोध. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले की गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं आणि गाडीही पूर्ण बसत नाही. चाकांवर वजन असताना आवळायचे. पुढच्या स्ट्रटची स्प्रिंग दाबायला त्याच्याकडे नीट कम्प्रेसर आहे का तेही बघ, दोऱ्या आणि जुगाड दिसला तर निघून ये, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जातो.

बसवल्यावर लगेच अलाइनमेंट, मग काहीशे किलोमीटरने स्प्रिंग सेटल झाल्यावर पुन्हा. मागच्या चाकांचा कॅम्बर (चाक उभ्यात किती झुकलंय) आणि टो (चाक पुढून आत-बाहेर किती वळलंय) सेट करता येतो, पुढे मात्र मूळ पार्टवर फक्त टो मिळतो, त्यामुळे पुढचे टायर वरच्या बाजूने थोडे आत झुकलेले राहतील. घाबरू नको, टायर आतून खातो तो बहुतेक वेळा कॅम्बरपेक्षा बिघडलेल्या टोमुळे, म्हणून दोन्ही वेळचे प्रिंट जपून ठेव आणि महिन्यातून एकदा हात आत घालून टायरची आतली कड चाचपून बघ. हेडलाइटचा फोकसही एकदा भिंतीवर बघून घे.

आणि काढलेल्या मूळ स्प्रिंग्ज, बम्पस्टॉप, शॉकअप गॅरेजमध्ये सोडून येऊ नकोस. 'पुढे डावी, पुढे उजवी' असं मार्करने लिहून, गुंडाळून घरी आण. गाडी विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं, आणि उद्या सासऱ्यांसाठी किंवा आरटीओसाठी परत वर करायची वेळ आली तर मस्टँगच्या मूळ स्प्रिंगचा सेट पुण्यात शोधत फिरणं काय असतं ते विचारू नकोस. माळ्यावर जागा कर, आणि ती कोणाला विचारून करायची हे तुला माहीतच आहे.